पायरीवरची पुडी

माया जनम बोर नदीकडचा, हिंगणीपासून कोसभर आत. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरी करे, माय कापूस येचे, अन् मीबी पाच-सहा वर्साची असन तवापासून तिच्या मांगं मांगं येचाले जाओ. शाया कशी असते ते मी पाह्यली नाई. पन एक गोष्ट शायेबिगर शिकली, बाई. माय दुकानात गेली का खाली अंगनात उभी राहे, दुकानदार मिठाची पुडी पायरीवर ठेवे अन् दोन पावलं मांगं सरके, मंग माय पुढं होऊन उचले. आता सर, आता ये, असं कोनी कोनाले सांगत नव्हतं, सारं आपोआप. आमी बहिनी बहिनी घरी दुकान-दुकान खेळो, तं मी मायाच सख्ख्या बहिनीले पुडी खाली ठेवून देओ. आठवलं का आजबी तळपायाची आग मस्तकात जाते.

लगन होऊन हिंगणघाटाकडं आली. गाव बदललं, दुकानदार बदलला, पायरी तेच. मंग आमी सारे पांढरे कपडे घालून नागपूरले गेलतो, दीक्षा घेतली. वापस आल्यावर मी आमच्या ह्यायले म्हनलं, आता मी खालची पुडी उचलनार नाई. ते म्हने, पाटलाच्या वावरात काम करतो आपन, चूप राय. मी कायची चूप राहते. दुकानापुढं हात पुढं करून उभी राह्यली. तो पुडी घेऊन उभा, मी हात खाली घेईना, तो पुडी देईना. शेवटी त्यानं पायरीवर ठेवली अन् आत निंघून गेला. घरी लेकरं बिनमिठाचं वरन घेऊन बसले होते, म्हनून मी ते उचलली. हेबी लिहा, बाई. उचलली मी.

पुढच्या साली नागपूरच्या कालेजातला एक साहेब आला. गावात लोकं एकामेकासंगं कसे वागतात, दीक्षेनंतर काय बदललं, ते विचारत फिरे. मानूस वाईट नव्हता, आमच्या घरी चहा पेला त्यानं. पन उतरला पाटलाच्या घरी, अन् पाटलाचा गडी सारा वेळ त्याच्या बाजूले बसून. मंग कोन खरं सांगन? साऱ्यायनं सांगितलं, सारं बराबर हाये. आमच्या ह्यायनंबी तेच सांगितलं, खाली पाहून. माया जीव राह्यला नाई. मी म्हनलं, साहेब, कागदावर कायले विचारून राह्यले, चाला माया संगं दुकानात, डोयानं पाहा.

आला बिचारा वही घेऊन. गडी मांगं होताच. मी हात पुढं केला. अन् काय सांगू तुमाले, तो दुकानदार हासत हासत पायरी उतरला, या कौसाबाई म्हने, एवढे वर्स मले नुसतं ए म्हनलं त्यानं, अन् पुडी माया हातावर ठेवली. बोटं लागले त्याचे. साहेबानं लगेच लिहून घेतलं. मी म्हनलं, साहेब, हे आजच झालं, तुमी इथं उभे म्हनून झालं. तो म्हने, बाई, मी जे पाह्यलं तेच लिहीन. म्हंजे मीच त्याले घेऊन गेली, अन् मायाच हात मायावर उलटला.

दुसऱ्या दिवशी साहेब गेला, मी दुकानात गेली. पुडी पायरीवर. मी म्हनलं, काल बोटं लागले, झडले काय तुमचे? तो मान वर न करता म्हने, काल पाव्हना होता.

त्या दिवशी मी पुडी उचलली नाई. तशीच पडू देल्ली अन् पायी हिंगणघाटचा बाजार गाठला. तवापासून मीठ तिथूनच आनते. आमच्या ह्यायनं पह्यले लय आरडाओरड केली, आता बाजाराच्या दिवशी तेच पिशवी हाती देतात. दुकानदाराचं काई अडलं नाई, माये गुडघे दुखतात, खोटं कायले सांगू. पन तो कागद कुठंतरी कपाटात असन, अन् त्यात लिहून असन का आमच्या गावात सारं बराबर हाये, एका बाईच्या हातावर पुडी ठेवताना पाह्यली. ते बाई मी. तुमीबी शिकलेल्या, तुमीबी वही घेऊन बसल्या. भलं होईन तुमचं, एवढं करजा, तो कागद कधी सापडला तं त्याच्याखाली लिहून देजा का दुसऱ्या दिवशी पुडी पायरीवर होती.