गाडी गेल्यावरची नळी

योगीराज पूर्णा स्टेशनात नांदेडच्या गाडीसाठी बसला होता खरा, पण त्याचे कान शेजारच्या मायलेकींकडं. लेक संघप्रिया पुण्याला प्रयोगशाळेत परत निघालेली.

“माय, ह्या नळीत थुंक. माझ्या कामाला लागती.”

“थुंकीत काय बघतीस?”

“जिवाला घोर लागला की अंगात एक हार्मोन वाढतं. ते लाळेत उतरतं. ते किती, तेवढं मोजायचं.”

“लाळेत तर लय काय काय असंल. नेमकं तेच कसं गावतं?”

“आमी प्लास्टिकची भुकटी बनवतो. बनवताना त्यात तेच हार्मोन घालायचं, मग धुऊन काढायचं. त्याच्या आकाराची खोबण मागं राहती. त्या खोबणीत परत तेच बसतं, दुसरं न्हाई.”

“म्हंजी गेलं तरी जागा राहती.”

“राहती. थुंक ना, गाडी यायलीय.”

“आत्ता काय कळंल? आत्ता तू हाईस की. गाडी गेल्यावरची घे.”

“तवा मी इथं असणार का, माय?”

“मंग ही घे भरून, अन् दुसरी नळी दे. भरून ठेवते, जयंतीला आलीस की ने.”

“बर्फाबिगर टिकत न्हाई ती. बरं, घे, तुझी हौस.”

पुण्याची गाडी आली आणि संघप्रियाला घेऊन गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर तिची माय, सुलाबाई, बाकावर परतली. तिनं दुसरी नळी भरली, झाकण घट्ट लावलं आणि योगीराजकडं वळली.

“भाऊ, हितं बर्फ कुठं मिळंल?”