गाठीवर गोवर

दिंद्रुडच्या स्टँडवर शफीभाईचे हात गाड्यावरची मोसंबी पुसत होते, पण कान शेजारच्या बाकड्याला चिकटले होते. तिथं राधाकिशन आणि त्याची बायको छबुबाई पुण्याच्या एसटीची वाट पाहत हुज्जत घालत बसले होते.

"कॅन्सर मारायला गोवर टोचणार? त्या डॉक्टरला म्हण, आधी सोताला टोचून दाव."

"अवो, गोवराचाच जंतू हाय, पर मवाळ केलेला. गाठीत शिरून गाठच खातो म्हनत्यात."

"अन् गाठ संपल्यावर? मंग काय उपाशी बसतो का?"

"डॉक्टरनं खात्री दिली न्हाई. प्रयोग हाय म्हनले. पर बाकीची औषधं हरली की सगळी."

"म्हंजी उंदरावर करून झालं, आता आपल्यावर."

"उंदराला नवरा तरी आडवा आला नसंल."

"छबे, आपली वनमाला गोवरानंच गेली. त्यालाच तुझ्या अंगात कशापायी शिरू देऊ?"

शफीभाईच्या हातातलं मोसंबं हातातच राहिलं.

"लेक नेली त्यानं. आता निदान गाठ तरी नेऊ दे."

एसटी येऊन थांबली. राधाकिशननं पिशवी उचलली, पण पाय काही उचलेना.

"अन् ऐका. गोवर अंगात हाय तवर त्याचा नेम पाळायचा. घरात फोडणी न्हाई, शिवी न्हाई, आवाज चढवायचा न्हाई."

"पाळीन. पर त्यानं जायचं नावच न्हाई घेतलं तर?"

"मंग बोला जलमभर गोड," म्हणत छबुबाई त्याच्या आधी एसटीत चढली.