कापसात ठेवलेलं वर्षभराचं वाचन

अगं, सकाळी बघते तर माजघरातला कापसाचा ढीग बुटका! भाव रोज चढत होता म्हणून सासऱ्यांनी इतका कापूस साठवला होता की आमच्या अकोल्याच्या घरात कापसाशिवाय कशालाच जागा नव्हती. महिन्याला एक, अशी वर्षभर वाचायला ठरवलेली माझी पुस्तकं मी त्या ढिगातच ठेवली होती.

अंगणात धावले. टांगलेल्या पुरुषभर उंच पोत्यात, बोऱ्यात, उभा राहून गडी तोच कापूस तुडवत होता. बोरा शिवला की थेट मुंबईला!

"थांबा, आत माझी पुस्तकं आहेत!"

"कापसात पुस्तकं? काहून व सूनबाई?" म्हणत सासरे गड्याला बाहेर काढून स्वतःच बोऱ्यात उतरले. मी बाहेरून हाका मारत राहिले.

"मामंजी! सापडली का? मामंजी!"

शेवटी आतून उत्तर आलं, "सापडली व! चूप राय ना जराशी, वाचून राहिलो मी."