पाठकोरी नोटीस

साल दोन हजार तेवीस, ऐन उन्हाळा, मे महिन्याची बावीस तारीख. तारीख विसरणार नाही मी, कारण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी चिकटपट्टी माझ्याच हातात होती.

मी विद्यापीठात शिपाई. निवृत्त झालो तरी रोजंदारीवर बोलावतात, कारण कुठली किल्ली कुठल्या कुलपाची हे मलाच ठाऊक. शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो, इंग्रजी दिसलं की कागद खाली ठेवतो. आणि आमचे हेडक्लार्क साहेब... यांचं एकच ब्रह्मवाक्य, ‘मामा, पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही.’ म्हणजे काय, तर पोरांनी फॉर्मला जोडलेल्या ओळखपत्रांच्या झेरॉक्स काम झालं की प्रिंटरच्या ट्रेमध्ये, आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर साहेबांच्या नोटिसा. ‘रांगेत उभे राहा.’ ‘उद्या या.’ सगळ्यात जास्त ‘उद्या या’च. आणि लावायच्या कुठे? दालनाच्या काचेच्या भिंतीवर. आत रांगेतली पोरं नोटीस वाचणार, बरोबर. पण काचेपलीकडे सायकलस्टँड, तिथला माणूस काय वाचणार? दुसरी बाजू. फोटो, नंबर, जन्मतारीख, सगळं उघड्यावर.

बावीस तारखेलाही अशीच एक लावली. आठ दिवसांनी माझी नात दारात. तिथेच शिकते. डोळे सुजलेले.

“आबा, माझी होस्टेलची खोली गेली.”

“खोली कुठे जाते?”

“साइटवर मीच रद्द केली असं दाखवतंय. नंबर आणि जन्मतारीख टाकली की होतं. खोली दुसरीला दिलीसुद्धा.”

तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, फोनवर म्हणाला, खोली नाही तर शिक्षण नाही, ये घरी. मी स्वतः चौघांत एका खोलीत राहतो, तिला ठेवू कुठे? गेलो साहेबांकडे. हात जोडले नाहीत, पण गेलो. साहेब मान वर न करता म्हणतात, “नंबर तिचा, जन्मतारीख तिची, म्हणजे रद्द तिनेच केली. संगणक खोटं बोलत नाही, मामा. उद्या या.”

मला. उद्या या. ज्याने ती पाटी शंभरदा चिकटवली, त्याला.

संध्याकाळी सायकल काढायला गेलो, तर काचेतून नात माझ्याकडे बघत होती. तिचाच फोटो, तिचेच आकडे, आणि चारही कोपऱ्यांना माझीच चिकटपट्टी. तुम्हीच सांगा, मग माणसाने काय करावं? ओरडावं? मी ओरडत नाही. मी थांबतो.

दोन आठवडे थांबलो. मग साहेबांनी स्वतःचं ओळखपत्र दिलं, झेरॉक्स काढायला. पहिली प्रत जरा तिरकी आली. “असू द्या, ट्रेमध्ये टाका,” साहेब म्हणाले, “पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही.” म्हटलं, नाही घालवत. ट्रेमध्ये सगळ्यात वर ठेवला. तासाभरात त्याच्यावर नोटीस छापून आली, ‘कार्यालय दुपारी बंद’. लावली. कोपऱ्यांवरून अंगठा दोनदा फिरवला.

तिसऱ्या दिवशी साहेबांचा राजीनामा. साइटवरून. कोणी दिला? मला काय ठाऊक, मला इंग्रजी येत नाही. सायकलस्टँडवर रोज दोनशे पोरं, आणि ‘उद्या या’ सगळ्यांनीच खाल्लेलं. कुलसचिवांनी तासाभरात मंजूरही केला. इतकं झटपट काम त्या इमारतीत मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.

साहेब धावत कुलसचिवांच्या खोलीत. “सर, मी नाही हो दिला.”

“नंबर तुमचा. जन्मतारीख तुमची.”

“सर, ती कुणालाही कळू शकते...”

“असं? मग लिहून द्या. नंबर आणि जन्मतारीख टाकली म्हणजे त्याच माणसाने केलं असं होत नाही. सही करा.”

मी पाण्याचा ग्लास घेऊन तिथेच उभा होतो. पाणी सावकाश दिलं. साहेबांनी सही केली, राजीनामा रद्द झाला. मी त्या पत्राची झेरॉक्स काढली, नातीच्या अर्जाला जोडली आणि साहेबांच्याच टेबलावर ठेवली. म्हटलं, “उद्या येऊ?”

“नको,” साहेब म्हणाले. संध्याकाळपर्यंत खोली परत.

आता कुलसचिवांनी कागद फाडायचं यंत्र आणलंय. सगळ्या झेरॉक्स त्यात घालायच्या, एकही बाहेर जाता कामा नये. छान. चालवायला कोण? ‘मामा.’ दहा ते पाच उभा राहून कातरण पाडतो, पाय सुजतात, कानात घरघर... पण साहेबांची आणि माझी फिटंफाट झाली.