एका सेकंदात ‘कोणी नाही’

—नको, मला नको चहा, सकाळपासून चार झालेत. पूर्वा ना तू? अगंतुगं केलं तर चालेल ना? तर माझं सगळं काम आजपासून तुझ्याकडे, आणि मी शनिवारी अमेरिकेला — दोन वर्षं, ऑनसाइट! बाबांनी अख्ख्या आळीत पेढे वाटलेत. हां, काम. एका रक्तपेढीचं आहे. रक्तदात्यांच्या नोंदी एक्सएमएलमध्ये, म्हणजे डब्यात डबा, त्यात आणखी डबा — शिकवलं असेलच तुम्हाला. आधी शोध कसा लिहिला होता? रक्तगटाच्या अलीकडे दोन स्लॅश. दोन स्लॅश म्हणजे काय, तर कुठल्याही डब्यात असू दे, सगळे उघडून बघ. चाळीस सेकंद लागायचे! अगं, मेथीची जुडी हवी म्हणून मंडईतल्या प्रत्येक गाळ्यावर विचारत फिरतं का कोणी? मी पूर्ण वाट लिहून दिली — या डब्यात जा, त्यातला तो उघड, बास. एक सेकंद! अभय सर, आपले मॅनेजर, नाचायचेच बाकी होते. गेल्या बुधवारी सगळ्या मजल्याला केक. त्या एका सेकंदावर तर अमेरिका मिळाली मला — माझा फोन वाजला का गं? नाही? उगाच वाटतं हल्ली.

काय? जुन्या नोंदी? — हुशार आहेस. नको तिथे हुशार आहेस. हो, जुन्या शिबिरांच्या फायलींत रक्तगट आणखी एक डबा आत असतो, माझी वाट तिथवर पोचतच नाही. मला कोणी सांगितलं नव्हतं — म्हणजे, मीच बघितलं नाही. डेमोची घाई होती. आणि अकराशेच तर नोंदी आहेत तसल्या, लाखभरातल्या — किरकोळ. किरकोळच म्हणत होतो मी, गेल्या बुधवारपर्यंत. बुधवारी हडपसरच्या एका दवाखान्यात राधा म्हणून एक बाई, बावीस वर्षांची, पहिलं बाळंतपण, रक्तगट ओ निगेटिव्ह. पेढीतल्या सीतारामभाऊंचा फोन आला, तक्रारीचा नाही हं, कौतुकाचा — साहेब, लई फास्ट झालंय तुमचं, एका सेकंदात सांगितलं, पुण्यात आत्ता देता येईल असं कोणी नाय म्हणून. कोणी नाय! मग सोलापूरहून मागवलं रक्त, पोचायला पाच तास. बाळ वाचलं. ती गेली. मी गुपचूप जुना शोध चालवून बघितला — चाळीस सेकंद, पुण्यातली अकरा नावं आली. त्यात सातवं, योगेश बापूराव सरवदे. मी, अगं! लोणी काळभोरला कॉलेजात असताना शिबिरात दिलं होतं, मित्र देत होते म्हणून. ती तिकडे पडलेली आणि मी इथे खराडीत केक खातोय — बाइकवर वीस मिनिटं लागली असती मला. लाज वाटते.

दुरुस्त का नाही केलं? तीन ओळींचं काम आहे! आधी सरळ वाटेने बघ, हाती काही नाही लागलं तरच सगळे डबे उघड — वेगही राहतो, माणूसही सुटत नाही. मला काय कळत नाही होय? पण बदल केला की खाली कारण लिहावं लागतं, नावानिशी. सर विचारतील, पेढीवाले विचारतील, मग कसला शनिवार आणि कसली अमेरिका! बाबांनी बत्तीस वर्षं फाउंड्रीत काढलीत गं. म्हणून म्हणतो, तू असं कर — मी गेल्यावर, पंधरा दिवसांनी, तुला सहज सापडलं असं दाखव. शाबासकी तुलाच. कशी वाटते आयडिया? — अशी बघू नकोस माझ्याकडे. पंधरा दिवसांत कोणाला लागलं तर? हे बघ, ओ निगेटिव्ह काय रोज लागतं? — लागतं. माहितीये मला, लागतं. हळू बोल जरा, सर येतायत.

या सर, या! झालं, हॅण्डओव्हर झालं. हो, सगळं सांगितलं. शंका? छे, काही शंका नाही म्हणतीये ती. — पूर्वा, उभी कशाला राहिलीस? — अगं बस ना खाली.