नणंदेच्या हातचा टोमॅटो भात

वहिनी : चव नको देऊस मला, कृती दे. माझ्यासमोर कर. तुझा दादा यायच्या आत.

नणंद : वहिनी, अगं टोमॅटो भात आहे, जादूचा प्रयोग नाही. न कळवता आलीस, आधी चहा तरी घे.

वहिनी : चहा गेला चुलीत! निम्म्या गावाचे डबे मी करते, लोक बोटं चाटतात, आणि माझा नवरा दर रविवारी जेवायला बहिणीकडे! वर घरी येऊन मलाच ऐकवणार, "भात खावा तर तिच्या हातचा. झणझणीत!" मी वाढलेला नुसता चिवडतात.

नणंद : तू जळतेस की काय माझ्यावर?

वहिनी : जळते! चांगली करपलेय. दुसरी कोणी असती तर झिंज्या उपटल्या असत्या. तुझ्याशी काय भांडू? माझ्या लग्नात माझ्याच मांडीवर झोपली होतीस, शालूवर लाळ गाळत. चल, गॅस लाव.

नणंद : लावते बाई. हे तेल... हा कांदा... आणि हे टोमॅटो.

वहिनी : अगं अगं! कांदा कच्चा आहे अजून. आता तो परतणार कसा?

नणंद : माझी पद्धत आहे ती.

वहिनी : बरं. तिखट?

नणंद : घालते ना. या डब्यात... नाही, ही हळद. थांब हं, वर असेल. इथेच तर असतं...

वहिनी : स्वतःच्या घरात तिखट सापडेना?

नणंद : जागा बदललीय कोणीतरी.

वहिनी : कोणी? एकटी तर राहतेस. इकडे बघ माझ्याकडे. हा भात तू करत नाहीस. विकत आणतेस?

नणंद : नाही गं. दादा करतो.

वहिनी : कुठला दादा?

नणंद : मला एकच आहे.

वहिनी : काहीतरीच! त्यांना साधा गॅस पेटवता येत नाही.

नणंद : तुझ्याकडे येत नाही. इथे पिशवीभर टोमॅटो घेऊन येतो आणि मला म्हणतो, तू पेपर वाच. लसूण ठेचतो, सुक्या मिरच्या तेलात टाकतो, टोमॅटोला तेल सुटेपर्यंत हलवत उभा राहतो. बुडाला मुद्दाम थोडं लागू देतो. ती खरवड आधी स्वतः खातो, उरली तर मला.

वहिनी : माझ्या पातेल्याला मी कधी लागू देत नाही.

नणंद : ठाऊक आहे. तुझ्याकडे एकदा केला होता त्याने. तू त्याच्यादेखत ओटा पुन्हा धुतलास. म्हणालीस, असला भात डब्यात चालायचा नाही.

वहिनी : डब्यांची घाई होती गं.

नणंद : त्याला कुठे डब्यात भरायचा होता? तुला वाढायचा होता.

वहिनी : ...मग तुझं नाव कशाला पुढे केलं?

नणंद : स्वतःचं सांगितलं असतं, तर तू मीठ किती, पाणी किती ते शिकवायला बसली असतीस.

वहिनी : म्हणजे इतके दिवस मी तुझ्यावर फुकट जळले.

नणंद : सुटलीस ना आता?

वहिनी : कुठची सुटतेय! आता तर जास्तच जळतेय. माझ्यासाठी केलेला भात तू खातेस.

(दार वाजतं. नणंद उघडते.)

दादा : आज टोमॅटो जरा कच्चेच मिळाले गं, पण... अरे, तू? इथे? आणि डबे?

वहिनी : आज नाहीत म्हणून कळवलं सगळ्यांना.

नणंद : दादा, मी सांगून टाकलं तिला.

दादा : हात्तिच्या. ...मग आता तूच कर बाई. तुझ्या हातचा नीट तरी होईल. माझा पसारा फार होतो.

वहिनी : होऊ दे.

दादा : तिखटही जास्त पडतं माझ्याकडून.

वहिनी : पडू दे. तुम्ही करा. मला भूक लागलीय.