सहा पोपटांची मांडणी

मांडणीचं नाव काढू नका, डोकं फिरतं माझं! आपल्या नंदुरबारच्या कापसाच्या शेठनं सुरतेला कुणाच्या दिवाणखान्यात शोभेच्या वस्तू ठेवायची लाकडी मांडणी पाहिली आणि लगेच मला बोलावलं.

"मिस्तरी, दार नको, काच नको. समदं उघडं दिसाले जोयजे."

दोन महिने मान मोडून काम केलं. सागवानी खांबांवर सहा पोपट कोरले. एकाची चोच पटाशी निसटून उडाली, ती तशीच राहिली.

दिवाळीला हौसेनं बघायला गेलो, तर मांडणी वरपासून खालपर्यंत पडद्यानं झाकलेली!

"शेठाणी, हे काय?"

"धूय बसस ना, मिस्तरी."

"अहो, धूळ बसू दे, निदान सणाच्या दिवशी तरी काढा तो पडदा!"

बाई उलट माझ्यावरच चिडली. "आज सन शे, म्हणीसन तं नवा पडदा टाकेल शे! जरा नीट देखा."

पाहिलं. पडद्यावर रेशमानं सहा पोपट भरलेले. त्यातल्या एकाची चोच तुटलेली.

"तुम्ही कोरेल पोपट पडदामुळे दिसतस नहीत ना," शेठाणी म्हणाली, "म्हणीसन मन्ही सूननी वर भरी लिधात."